राणीचा ण

ज्या वर्षी लेकीला जुळ्या मुली झाल्या, आणि त्यांची नाकं कुणावर गेली यावरून दोन्ही घरांत महिनाभर गोड भांडण चाललं, त्याच वर्षी मोजणीदारांच्या कागदात पहिली चूक सापडली. ती सापडली उलटरावांना. आणि उलटरावांना तर पत्त्यांच्या ब्रिजमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

मोजणीदार म्हणजे लेकीचे सासरे, उलटरावांचे व्याही. त्यांचा उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हातातली साखळी सुटली, पण मोजायची खोड सुटली नाही. जिना चढताना पायऱ्या मोजत, चहात साखर पडताना चमचे मोजत. पत्त्यांतला ब्रिज हा खेळ त्यांना आवडायचं कारणही तेच. चार माणसं चार दिशांना बसतात, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते, तो त्याचा हात. दिसत नाही ते मोजून काढायचं, एवढाच खेळ. गावातल्या साप्ताहिकात ते दर शुक्रवारी त्याचं एक कोडं देत. मधोमध चौकोन, वर उत्तर, खाली दक्षिण, या दोघांचे पत्ते उघडे. पूर्व-पश्चिमेचे झाकलेले. आता दक्षिणेने कसं खेळावं? उत्तर पुढच्या शुक्रवारी, चारही हात उघडे करून.

आणि हे साप्ताहिक ज्या छापखान्यात निघे, तिथे उलटराव छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत.

उलटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. छापखान्यात ते आले झाडू मारायला. तिशी उलटली होती आणि अक्षर म्हणजे काळी मुंगी, एवढीच ओळख होती. जमिनीवर सांडलेले शिशाचे खिळे वेचायचे आणि ज्या त्या खणात टाकायचे, हे काम हळूहळू अंगावर आलं. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. उलटराव ते चित्र म्हणून ओळखायला शिकले, मग नावाने ओळखायला, मग ओळीने वाचायला. अशी त्यांना अक्षरं आली, पण उलटी आली. सरळ अक्षरं नंतर आली, आणि शेवटपर्यंत ती सावत्रच राहिली. मालकांनी एकदा गमतीने 'उलटराव' म्हटलं, ते चिकटलं.

लग्नाच्या बोलणीत यावरून एक गंमत झाली होती. मोजणीदारांनी ठरलेल्या गोष्टींचा कागद पुढे केला. उलटरावांनी तो पालथा केला, खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि मागून वाचायला लागले. मोजणीदारांना वाटलं, माणूस निरक्षर आहे आणि लाज झाकतोय. ते हळूच म्हणाले, "घरी कुणाकडून वाचून घ्या, घाई नाही."

उलटरावांनी मागूनच शब्द न् शब्द वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "तिसऱ्या ओळीत 'निमंत्रण'चा ण पडलाय तुमचा. निमंत्र झालंय."

मोजणीदार कागद घेऊन बघतच राहिले. त्या दिवसापासून दोघांचं जे काही होतं ते मैत्रीपेक्षा थोडं कमी आणि नात्यापेक्षा थोडं जास्त होतं.

सदर सुरू झालं तेव्हा पहिलाच घोळ झाला राजा-राणीचा. पत्त्याला एकच अक्षर घालायचं ठरलं होतं. एक्क्याचा ए, गुलामाचा ग, दश्शीचा द, खाली नव्वीपासून दुर्रीपर्यंत आकडे. पण राजाचाही र आणि राणीचाही र. उलटरावांनी कागदावर होतं तसं जुळवलं, आणि छापून आलं तेव्हा एकाच हातात दोन र शेजारी शेजारी बसलेले. वाचकांची पत्रं आली. दोन राजे एका राज्यात कसे, असं एकाने विचारलं.

"राजाला र राहू दे," मोजणीदार म्हणाले. "राणीला उरलेलं अक्षर द्या."

"उरला ण."

"मग ण."

"ण ने मराठीत एक शब्द सुरू होत नाही हो."

"उत्तमच की. म्हणजे दुसऱ्या कशाशी गोंधळ व्हायला नको."

घरी उलटरावांची बायको हे ऐकून म्हणाली, "बघा, राजाने डोकं घेतलं आणि राणीला शेपूट दिलं. पत्त्यांतसुद्धा तेच." पण राणीचा ण तेव्हापासून पक्का झाला.

बायको शिवणकाम करायची. तिचा बटणांचा एक लाकडी डबा होता, आत बारीक बारीक खण. उलटरावांनी तो पळवला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून त्यात चार रांगा केल्या, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. आणि एका रांगेत तेरा खण. एका खणात एक खिळा. बायको चार दिवस बटणं शोधत होती, पाचव्या दिवशी ती तिला चहाच्या डब्यात मिळाली. उलटरावांचा हिशोब सोपा होता. ब्रिज कळत नाही तर नाही, पण बावन्न खिळे डब्यातून निघाले आणि डबा रिकामा झाला, म्हणजे आकृती बरोबर.

झाकलेले पत्ते छापायची युक्तीही त्यांचीच. खिळा पालथा घातला, डोकं खाली आणि बूड वर, तर कागदावर बुडाचा ठसा उठतो: दोन बारीक काळ्या रेघा. उलटरावांनी चारही हात पुरे जुळवले आणि पूर्व-पश्चिमेचे तेवढे खिळे जागच्या जागी पालथे केले. पुढच्या आठवड्यात नुसते सुलटे केले की उत्तर तयार. आपल्या डोक्यावर ते स्वतःच खूश झाले.

शनिवारी मोजणीदार पेपर घेऊन आले. "व्याहीबुवा, तुम्ही पत्ते झाकलेत, पण हात उघडा टाकलात."

"झाकलेत की. एक अक्षर दिसत नाही."

"अक्षर नाही, पण मोजता येतं ना? पश्चिमेच्या इस्पिकच्या ओळीत सहा ठसे, बदामच्या ओळीत एक. मग राणी कुणाकडे ते शेंबडं पोरही सांगेल."

"मला नाही सांगता येणार."

"तुम्ही शेंबडं पोर नाही. तेराचे तेरा एका ओळीत ठेवा. माणूस घरात आहे एवढं कळू दे, कुठल्या खोलीत आहे ते नको."

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"हां. आणि तुम्ही ती चार बोटं उघडून दाखवलीत."

तेव्हापासून झाकलेल्या हाताचे तेरा ठसे एका ओळीत छापले जाऊ लागले. ठसेच छापायचे तर तिथे कुठलेही खिळे चालले असते. पण उलटराव त्या त्या हातातले खरे पत्ते डब्यातून काढून पालथे घालत. दुसरे घालणं त्यांना खोटं वाटे. कुणाला दिसणार नाही हे खरं, पण डबा रिकामा झाला पाहिजे.

म्हणूनच पहिली चूक त्यांना सापडली. जुळ्या दोन महिन्यांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. कागदावर पूर्वेकडे बदामची राणी होती. उलटरावांनी ती काढून पालथी घातली. मग पश्चिमेचा हात जुळवायला घेतला, तर तिथेही बदामची राणी. खण रिकामा. आणि सगळं झाल्यावर डब्यात एक खिळा उरला, चौकटची सत्ती.

उलटराव कागदाकडे बघत बसले. तीन वर्षांत मोजणीदारांचा एक पत्ता इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यांनी खालचा मजकूर वाचला. त्यात लिहिलं होतं, पूर्वेकडे चार बदाम असणार, पश्चिमेकडे एकच. पश्चिमेकडे दोन बदाम लिहिलेले होते, पंजी आणि राणी. म्हणजे आगंतुक राणी पश्चिमेची. तिच्या जागी सत्ती घातली, डबा रिकामा झाला. कुणाला काही बोलायचं तर काय बोलायचं? एखादा माणूस एकदा चुकतो. पुढच्या मंगळवारी गमतीने सांगू, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या मंगळवारी मोजणीदार स्वतः कागद घेऊन आले, नेहमीसारखे. उलटराव गंमत सांगायला तोंड उघडणार, तर त्यांनी आधी कागद पाहिला. दक्षिणेच्या हातात चौदा पत्ते होते.

त्याच आठवड्यात लेक मुलींना घेऊन आली. एक मांडीवर, एक आजीच्या खांद्यावर. आईशी बोलत होती. उलटराव पलीकडे चहा पीत होते.

"मामंजी परवा बाहेरून कुलूप लावून पायरीवर बसले. आत जाता येईना म्हणून. किल्ली हातात."

"वय झालं गं."

"वय कसलं, आई. दुधाचं पातेलं दोनदा जळलं. मला एकदा त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. हे म्हणतात, पेपरातलं सदर अजून बिनचूक येतंय ना, म्हणजे डोकं शाबूत आहे. तोवर मी काही बोलणार नाही. पण ज्या शुक्रवारी तिथे चूक छापून येईल, त्या दिवशी घराची किल्ली काढून घेईन आणि एकटं बाहेर सोडणार नाही."

"अरे देवा. किल्ली काढून घेतली तर ते घरात राहतील होय? तो माणूस मैलभर चालल्याशिवाय जेवत नाही."

"मला कळत नाही का? म्हणून तर मी दर शुक्रवारी पेपर आला की आधी तेच पान बघते. मला काही कळत नाही त्यातलं, पण हे वाचून गप्प बसले की मी श्वास सोडते."

उलटरावांनी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला. त्या दिवसापासून मोजणीदारांची किल्ली त्यांच्या हातात आली, आणि ते मोजणीदारांना ठाऊक नव्हतं.

पहिले काही आठवडे मजकुराशी ताडून बघितलं की पत्ता जागेवर बसायचा. पुढे मजकूरच डगमगायला लागला. वर लिहिलेलं असे राणी पूर्वेकडे, खाली पश्चिमेकडे. आता खेळ शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढवतात त्या वयात उलटराव ब्रिज शिकायला बसले. बायकोला समोर बसवलं. ती म्हणाली, "अक्षरं तिशीत शिकलात, पत्ते साठीत. नव्वदीत पोहायला शिकणार का?"

"तू दोन हात धर, मी दोन."

"मी झाकलेले धरते. तुम्हाला झाकता येत नाही काही. तोंडावर दिसतं."

तिला मात्र झाकता येई. एकदा उलटराव अर्धा तास डोकं खाजवत बसले, बदामची राणी कुठल्या हातात ते सापडेना. शेवटी ती म्हणाली, "ती माझ्या मांडीखाली आहे. मघाशी पडली तेव्हापासून. तुम्ही मोजताय का नुसते बघताय?" तेव्हा उलटरावांना पहिल्यांदा कळलं की त्यांचे व्याही इतकी वर्षं काय सांगत होते. झाकलेला पत्ता दिसत नाही, पण तो तेरांतला एक असतो. बारा सापडले की तेरावा पळून कुठे जाणार?

असे महिने गेले. शुक्रवारी पेपर निघे, लेक पान बघे, जावई वाचून गप्प बसे, आणि मोजणीदार आपल्या किल्लीने दार उघडून फिरायला जात.

एका मंगळवारी ते आले नाहीत. दहाची वेळ, साडेबारा वाजले तरी पत्ता नाही. आले तेव्हा बूट चिखलाने भरलेले, गळपट्टा सुटलेला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "रस्ता खोदलाय हो सगळा. फार लांबून यावं लागलं."

उलटराव रोज त्याच रस्त्याने येत. तो रस्ता खोदलेला नव्हता. त्यांनी पाणी दिलं, बूट पुसायला जुना कागद दिला. घरी सांगावं असं मनात आलं. सांगितलं की किल्ली गेली. नाही सांगितलं तर काय जाईल, ते त्यांनी मनात येऊ दिलं नाही. संध्याकाळी ते स्वतः मोजणीदारांबरोबर चालत गेले, त्याच रस्त्याने, आणि वाटेत दोघेही हवेबद्दल बोलले.

त्यानंतरच्या आठवड्यात कागद आला तो असा: मधोमध सुबक चौकोन, चारही दिशा नीट लिहिलेल्या. उत्तरेचे तेरा पत्ते लिहिलेले. बाकी तिन्ही बाजू कोऱ्या, आणि खाली वळणदार अक्षरांत: 'बाकीचे नेहमीप्रमाणे.'

यात दुरुस्त करायला काही नव्हतंच. उलटरावांनी तारेला खोचलेली जुनी प्रुफं काढली. तीन वर्षांपूर्वीचं एक कोडं निवडलं, आणि कुणी ओळखू नये म्हणून पट उलटा फिरवला. उत्तरेचं दक्षिणेला, दक्षिणेचं उत्तरेला, पूर्वेचं पश्चिमेला. मजकुरातल्या दिशाही बदलल्या. डबा रिकामा झाला. पेपर निघाला. जावई वाचून गप्प बसला.

शनिवारी सकाळी मोजणीदार छापखान्यात आले. वेळेवर, बूट स्वच्छ, पेपर बगलेत. उलटरावांच्या टेबलावर त्यांनी तो पसरला.

"हा हात माझाच आहे. कुणीतरी नकाशा उलटा टांगलाय."

उलटराव पेपरवर वाकले.

"आणि इथे बघा. चौथ्या ओळीत दक्षिण तशीच राहिलीय. उत्तर करायची विसरलात." त्यांचं बोट त्या शब्दावर बराच वेळ होतं. "काल काय जेवलो ते मला आठवत नाही, व्याहीबुवा. पण हा हात मी आमच्या हिला शेवटचा घालून दाखवला होता. तिला सुटला होता. कधीपासून चाललंय?"

"जुळ्या दोन महिन्यांच्या होत्या तेव्हापासून."

"आता चालायला लागल्या त्या."

"हो."

"म्हणजे वर्षभर तुम्ही माझ्या बांधाचे दगड सरकवताय."

"चांगल्यासाठी केलं."

"दगड सरकवणारा प्रत्येक जण मला हेच सांगायचा. चाळीस वर्षं ऐकलंय." ते खुर्चीत बसले. जरा वेळाने विचारलं, "किती सरकवलेत?"

"पस्तीस-चाळीस."

"बरोबर जागी?"

"बहुतेक."

"शिकलात कुठे?"

"घरीच. बायकोबरोबर."

मोजणीदारांच्या मिशीत काहीतरी हललं. "विहीणबाई कशा खेळतात?"

"माझ्यापेक्षा बऱ्या. राणी मांडीखाली ठेवतात."

ते हसले, आणि मग हसू तिथेच थांबलं. "तो रस्ता खोदलेला नव्हता ना?"

"नव्हता."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मी घाबरून खोटं बोललो, ते समजू शकतो. तुम्ही का गप्प बसलात? एखाद्या गाडीखाली आलो असतो तर लेकीला काय सांगितलं असतंत? किल्ली वाचवली म्हणून?"

हातातला खिळा उलटरावांनी खणात टाकला, तो चुकीच्या खणात पडला, पुन्हा काढला.

"मोजणी चुकली की ज्याने मोजलं त्याने सही करून कळवायचं असतं," मोजणीदार म्हणाले. "तो नियम आहे. घ्या जुळवायला. मी सांगतो."

त्यांनी तोंडी सांगितलं आणि उलटरावांनी कागद मध्ये न घेता सरळ खिळ्यांत जुळवलं: 'मागील अंकातील हात तीन वर्षांपूर्वी याच सदरात येऊन गेला आहे. तो उलटा करून पुन्हा छापला गेला. गेल्या वर्षभरात आणखीही चुका झाल्या, त्या वाचकांपर्यंत पोहोचल्या नाहीत, याचं श्रेय सदर लिहिणाऱ्याचं नाही. आता मोजणी जमत नाही. सदर बंद करीत आहे.'

"उलटा मी केला," उलटराव म्हणाले. "चूक माझी आहे. तसं घालतो."

"वर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग झालं."

पुढच्या शुक्रवारी पेपर घरी यायच्या आधीच मोजणीदारांनी किल्ली जेवणाच्या टेबलावर मुलासमोर ठेवली. इतके दिवस काढून घेईन म्हणणाऱ्या त्या मुलाने, ती समोर आल्यावर, हात लावला नाही. "बाबा, राहू द्या हो तुमच्याकडे," एवढंच म्हणाला. मोजणीदारही उचलेनात. दोन दिवस किल्ली टेबलावरच पडून होती. तिसऱ्या दिवशी जुळ्यांतल्या एकीने ती तोंडात घातली, तेव्हा लेकीने काढून धुतली आणि उंच खिळ्याला टांगली.

उलटरावांनी त्या शुक्रवारी संध्याकाळीच जावयाला सगळं सांगितलं, खोदलेल्या रस्त्यासकट. जावई म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"मी काय केलं असतं, देव जाणे."

मग मंगळवार उलटा झाला. मोजणीदार छापखान्यात येत ते थांबलं आणि उलटराव त्यांच्याकडे जायला लागले. मालकांना सांगून मंगळवारी दोन तास लवकर सुटत. आधी दोघे फिरायला जात. मोजणीदार पावलं मोजत आणि उलटराव वळणं लक्षात ठेवत. परत आल्यावर उलटराव खिशातून प्रूफ काढत. सदर बंद झालं तरी ते दर आठवड्याला एक जुना हात जुळवत आणि हातानेच एक प्रत काढत. एकाच वाचकासाठी. उत्तर-दक्षिण उघडे, पूर्व-पश्चिमेचे तेरा-तेरा ठसे एका ओळीत.

पहिलं वर्षभर मोजणीदार ते सोडवत. आपलेच हात, पण त्यांना नवे वाटत. "कुणी रचलाय? पक्का माणूस आहे," असं ते म्हणत, आणि उलटराव म्हणत, "आहे एक जण." मग सोडवायला वेळ लागू लागला. मग एका मंगळवारी ते त्या तेरा ठशांकडे बघत राहिले, बोट फिरवत राहिले, आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. "हे सगळे सारखेच आहेत हो," ते म्हणाले. "यातून काय काढायचं?" जुळ्या शेजारी खेळत होत्या, त्यासुद्धा थांबून बघायला लागल्या.

उलटराव घरी आले ते जेवले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. डबा पुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "एका ओळीत जमत नाही, तर चार ओळींत द्या. तुमची पहिली चूक होती ना ती? चूक असली म्हणून काय झालं."

पुढच्या मंगळवारी उलटरावांनी तो हात जुळवला ज्यात दोन राण्या सापडल्या होत्या. पूर्व-पश्चिमेचे खिळे पालथे केले, पण जागच्या जागी ठेवले, ज्या त्या रंगाच्या ओळीत. झाकलेले पत्ते, उघडा हात. मोजणीदारांनी कधीच छापू दिलं नसतं असं ते प्रूफ होतं.

त्यांनी ते हातात घेतलं. बोट पश्चिमेच्या पहिल्या ओळीवर गेलं आणि ठशावरून ठशावर चालायला लागलं.

"सहा." मग खाली. "एक." खाली. "चार. दोन." ते थांबले. "तेरा."

"तेरा," उलटराव म्हणाले.

"मग बदाम पूर्वेकडे जास्त. राणी पूर्वेकडे." त्यांनी चष्मा काढला. "सोपा आहे हो. शेंबडं पोरही सांगेल."

"मला सांगता आलं नव्हतं."

मोजणीदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते सांगता येत नाही, पण आवाजात जुनी धार होती. "तुम्ही शेंबडं पोर नाही."

त्यानंतर मंगळवार असेच गेले. कधी कोडं सुटे, कधी अर्ध्यात निसटून जाई. बेरीज मात्र चुकली नाही, शेवटपर्यंत तेराच आली. एकदा उलटरावांनी चारही हात सुलटे केलेलं प्रूफ पुढे ठेवलं, तर मोजणीदारांनी बोट ठेवून विचारलं, "हे काय? ण?"

"राणी."

"राणीचा र का नाही?"

"र राजाने घेतला."

ते मोठ्यांदा हसले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. पलीकडून लेक बघायला आली. "मग ण च बरा," मोजणीदार म्हणाले. "ण ने काही सुरूच होत नाही. गोंधळ व्हायला नको."

पुढच्या मंगळवारचं प्रूफ उलटरावांनी सोमवारीच काढून ठेवलं होतं, पश्चिमेकडे पाच, तीन, तीन, दोन. ते तसंच त्यांच्या कोटाच्या खिशात राहिलं. जुळ्या शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, नऊ ऑगस्टला, मंगळवारी सकाळी साडेसात वाजता मोजणीदार घरी वारले. वय अठ्ठ्याहत्तर होतं.